कॅरलसाठी ट्रॉली स्पीकर: गल्लीत चार तारे, घरात दीड

ट्रॉली स्पीकरच्या खोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘५००० वॉट पीएमपीओ’ छापलेलं असतं आणि आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी असते. गुणाकार केला तर साठवण ८४ वॉट-अवर. तिच्यातून खरोखर ५००० वॉट खेचले तर ती एक मिनिट टिकेल. एक कडवं जेमतेम होईल, धृपद राहूनच जाईल. तेव्हा पीएमपीओ, म्हणजे क्षणभरापुरती सांगितलेली कमाल ताकद, वाचायचंच नाही. मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत ‘आरएमएस’ असतं, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ती ताकद, ३० ते ६० वॉटच्या आसपास. खरा आकडा तो. आरएमएस कुठेच दिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारण्यात अर्थ नाही, त्यालाही ठाऊक नसतं.

हा रिव्ह्यू एका कंपनीच्या एका मॉडेलचा नाही. डिसेंबर जवळ आला की चर्चचे तरुण संघ वर्गणी काढून जी वस्तू घेतात त्या सगळ्या जातीचा आहे: ८ ते १२ इंची वूफर, दोन कॉर्डलेस माइक, ब्लूटूथ, पेन ड्राइव्हची खाच, पुढे रंगीत दिवे, मागे ओढायची दांडी आणि खाली दोन चाकं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ घ्या, नाहीतर ऑनलाइन मागवा. नाव बदलतं, आतला सर्किट बोर्ड बहुतेक वेळा भावकीतलाच असतो. ८ इंची साधारण चार ते सहा हजारांत मिळतो, १२ इंची सात ते दहा हजारांत.

आता तो कशासाठी घ्यायचा, हे आधी ठरवू. कॅरल राउंडमध्ये, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघरी फिरताना, एका विभागातली साठेक घरं धरली, तर त्यात पाच-सहा घरं अशी निघतात की तिथलं माणूस रविवारी उपासनेला येऊच शकत नाही. कोणी अंथरुणाला खिळलेलं, कोणाचं डायलिसिस चालू, कोणी आजारी नवऱ्याला सोडून बाहेर पडू न शकणारी काकू. बाकीच्या घरांना राउंड नाही आला तरी नाताळ साजरा होतो. या पाच-सहा घरांत मात्र चर्च जे काही पोचायचं ते या मुलांच्या पायांनीच पोचतं. सामान जोखायचं ते या घरांच्या मापाने. बहुतेकांची इथेच गल्लत होते: स्पीकर पसंत केला जातो चर्चच्या आवारात, मोकळ्या हवेत, पूर्ण आवाज सोडून. आणि वापरायची वेळ येते दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे एका भिंतीला खाट असते आणि दुसरीला फ्रिज.

खोलीतला त्रास नुसता मोठ्या आवाजाचा नसतो. वयाबरोबर ऐकू कमी येऊ लागलं की बऱ्याच जणांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सोसत नाही. या दोहोंमधली फटच अरुंद होऊन जाते. कानात यंत्र असेल तर चार बाजूंनी टाळ्या, माइकचा घुमारा आणि वूफरचा धपधप असा सगळा काला होतो आणि शब्द त्यात बुडतात. आजी हसतात, मान डोलावतात, आणि मुलांना वाटतं की आवडलं. शब्द कळले का, ते ओठांवरून ओळखायचं. आजींचे ओठ गाण्याबरोबर हलले तर पोचलं. नुसतीच मान हलली तर स्पीकर बंद करा आणि तेच कडवं खाटेजवळ जाऊन परत म्हणा.

म्हणून घरासाठी दीड तारा, आणि त्यातला अर्धाही प्रार्थनेसाठी. प्रार्थना एकजण हळू आवाजात करतो, मागे दारात उभ्या असलेल्यांना ती ऐकू जात नाही. तिथे माइकचा उपयोग होतो. गाण्याला अजिबात होत नाही. बारा मुलं मोकळ्या गळ्याने गायली की ती खोली भरून उरते.

गल्लीत गोष्ट वेगळी. तिथे आवाज विरतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. स्पीकरपासून एक मीटरवर १०० डेसिबल असेल तर आठ मीटरवर ८२ उरतो. उलट बाजूने, वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतो. म्हणजे १५ वॉटऐवजी ६० वॉटचा स्पीकर घेतला, पैसे दुप्पट मोजले, तर मिळालं काय? ६ डेसिबल. तेवढे तर स्पीकर निम्म्या अंतरावर नेऊन ठेवला तरी मिळतात. दहा-बारा घरांच्या गल्लीला, वसईतल्या एखाद्या वाडीला किंवा सोसायटीच्या आवाराला ८ इंची पुरतो. १२ इंचीचा खरा फायदा झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) मिरवणुकीत आणि हंगामाच्या सणाच्या लिलावात, जिथे दोन-तीनशे माणसं असतात.

गल्लीत तो कुठे ठेवता यावर अर्धं काम अवलंबून असतं. जमिनीवर ठेवलात तर पहिल्या रांगेच्या पायांनी वरचे, म्हणजे शब्दांचे सूर अडतात आणि खालचा धपधप तेवढा लांब जातो. दूरच्या घरात मग नुसता ढोल ऐकू येतो. कानाच्या उंचीला ठेवायचा: कट्ट्यावर, स्टुलावर, नाहीतर उभ्या स्कूटरच्या सीटवर एकाने धरून. तोंड गायकांकडे नाही, घरांकडे. गायकांना आपला आवाज स्पीकरमधून ऐकायची हौस असते, ती तालमीच्या वेळी फेडून घ्यावी.

माइकबद्दल थोडं सविस्तर, कारण राउंड बिघडतो तो बहुधा माइकमुळेच. सोबत येणारे कॉर्डलेस माइक दोनपैकी एका प्रकारचे असतात, व्हीएचएफ किंवा यूएचएफ, म्हणजे कमी किंवा जास्त फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरींवर चालणारे. व्हीएचएफ वाले स्वस्त, त्यांत खरखर जास्त. यूएचएफच घ्या. खोक्यावर रेंज ५० मीटर लिहिलेली असली तरी मधे माणसं उभी राहिली की १०-१५ मीटरच्या पुढे भरवसा नाही, कारण माणसाचं शरीर या लहरी शोषून घेतं. माइकची अँटेना बहुतेक वेळा खालच्या टोकात असते. तेच टोक मुठीत धरलं की आवाज तुटायला लागतो. वरची जाळी मुठीत धरली, जी सध्याची फॅशन आहे, की शिट्टी येते. धरायचा मधोमध, तोंडापासून चार बोटांवर.

शिट्टीचं कारण साधं आहे. स्पीकरमधला आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि गोल फिरत राहतो. म्हणून माइकवाला नेहमी स्पीकरच्या मागे. दोन माइक चालू असतील आणि एकच जण गात असेल तर दुसरा बंद, कारण प्रत्येक उघडा माइक शिट्टीच्या दिशेने एक पाऊल असतो. शिट्टी आलीच तर आवाजाचं बटण झपकन शून्यावर नेऊ नका, ट्रेबल थोडं उतरवा आणि माइक स्पीकरपासून फिरवा. आणि ते ‘इको’ बटण. ते शून्यावर आणून त्यावर चिकटपट्टी लावा. हे गमतीने लिहिलेलं नाही. कराओकेवाल्यांसाठी ते बटण ठेवलेलं असतं, म्हणून दुकानातून येतानाच अर्ध्यावर असतं. शास्त्रवाचनाला इको लावला की लूक २:८–१४ मधल्या मेंढपाळांच्या गोष्टीतला प्रत्येक शब्द दोनदा येतो आणि एकही कळत नाही.

आणखी एक भानगड. स्वस्त सेटमध्ये माइकची फ्रिक्वेन्सी ठरलेली असते, बदलता येत नाही. एकाच चर्चच्या दोन विभागांनी एकच मॉडेल घेतलं आणि दोन्ही गट एकाच चौकात भेटले, की या गटाचा निवेदक त्या गटाच्या स्पीकरमधून बोलू लागतो. म्हणून एकत्र खरेदी करून सूट मिळवायची असेल तर दोन सेटच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या आहेत ना, हे बॅटरीच्या कप्प्यातल्या आकड्यावरून पाहून घ्या, आणि दुकानातच दोन्ही एकदम चालू करून बघा. माइकला बहुतेक दोन पेन्सिल सेल लागतात. एका संध्याकाळी चार जादा सेल खिशात हवेत, बॅगेत नकोत. बॅग नेहमी मागच्या घरी राहिलेली असते.

ब्लूटूथ. स्पीकर चालू केल्याबरोबर आतून एक बाई इंग्रजीत जाहीर करते की जोडायला तयार आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये ही घोषणा आवाजाच्या बटणाला जुमानत नाही. रात्री पावणेदहाला, आजारी माणसाच्या दाराशी, ती बाई काय करते याची कल्पना करा. उपाय एकच: स्पीकर संध्याकाळी चर्चमध्येच चालू करायचा, आणि घरोघरी बंद-चालू न करता फक्त आवाज शून्य करायचा. दिवे मात्र बंद ठेवा. बॅटरी खातात ते सोडाच, पण लहान खोलीत निळा-लाल झगमगाट कोणाच्याही डोळ्यांना बरा वाटत नाही, आणि फिट येणाऱ्या माणसासाठी तो धोक्याचाही असू शकतो. ट्रॅक फोनवरून लावत असाल तर फोन फ्लाइट मोडवर टाकून वरून ब्लूटूथ चालू करा. नाहीतर गाण्याच्या मधोमध कोणाच्या तरी आईचा फोन पूर्ण गल्लीला ऐकू येतो. पेन ड्राइव्ह त्याहून सोपा. गाणी ०१, ०२, ०३ अशी नावं देऊन टाका.

पण ट्रॅक लावायचाच का? आमचं मत: नाही, निदान घरात तरी नाही. कराओके ट्रॅकची पट्टी ठरलेली असते आणि ती बहुतेक वेळा तरुण गळ्याला धरून बांधलेली असते. मराठी घरात पुरुष काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. मिश्र घोळक्याला मधली कुठलीतरी पट्टी शोधावी लागते, पांढरी चारच्या आसपास, आणि तीही घर बघून एखाद्या सुराने वर-खाली. गिटारवाला कॅपो (तारांवर लावायचा चिमटा) सरकवून हे पाच सेकंदांत करतो. ट्रॅकला ते येत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ट्रॅक थांबत नाही. पंच्याहत्तरीच्या आजी प्रत्येक ओळ अर्धी मात्रा उशिरा उचलतात. गिटार, ढोलकी आणि खंजिरी त्यांच्यासाठी थांबतात. ट्रॅक पुढे निघून जातो आणि आजी गप्प होतात. घरातलं माणूस गायला लागलं की त्या घरातला राउंड जमला. त्या आनंदाच्या आड येणारं यंत्र, मग ते कितीही वॉटचं असो, दाराबाहेर ठेवावं.

गिटार स्पीकरला जोडायची असेल तर एक सूचना. मागच्या ‘माइक’ लिहिलेल्या खाचेत पिकअपवाली गिटार सरळ लावली की आवाज फाटतो, कारण माइकसाठी ठेवलेली आवाजाची वाढ गिटारला जास्त होते. माइकचं बटण पाव भागावर ठेवा आणि गिटारवरचं बटण हळूहळू उघडा. ‘गिटार’ लिहिलेली वेगळी खाच असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या.

आता बॅटरी, या वस्तूची सगळ्यात दुखरी नस. खोक्यावर ‘सहा ते आठ तास’. हिशोब करू. मध्यम आवाजात, माइकसह, सरासरी २० वॉट धरले तर ८४ भागिले २० म्हणजे चार तास आणि थोडं वर. पण लेड-ॲसिड बॅटरीचे ७ अँपिअर-अवर मोजलेले असतात ते वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर. तीन-चार तासांत उपसली तर तेवढे देत नाही, आणि तळापर्यंत उपसणं तिच्या जिवावर येतं. तेव्हा नव्या बॅटरीला तीन तास धरा. सात ते दहा, एक राउंड. बरोबर तेवढंच. दोन संध्याकाळी एका चार्जवर निघत नाहीत. पूर्ण चार्जला दहा-बारा तास लागतात, म्हणून राउंडहून आल्या आल्या रात्रीच लावायची. ‘उद्या सकाळी लावू’ म्हणणारा मुलगा संध्याकाळी अर्धी बॅटरी घेऊन येतो.

दुसऱ्या वर्षी स्पीकर पाऊण तासात मान टाकतो आणि मुलं म्हणतात, ‘डुप्लिकेट माल दिला.’ बहुतेक वेळा माल ठीक असतो. ३१ डिसेंबरला अर्धामेला झालेला स्पीकर तसाच व्हेस्ट्रीच्या (चर्चमधल्या सामानाच्या खोलीच्या) कपाटात जातो आणि पुढच्या डिसेंबरात बाहेर येतो. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि साठवण कायमची घटते. शिवाय काही बोर्ड बटण बंद असतानाही थोडा थोडा करंट खात राहतात. मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो, संघाकडे एक असावा. पूर्ण भरलेली, तासभर निवलेली बॅटरी १२.७ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या खाली गेली तर त्याच दिवशी चार्ज. १०.५ च्या खाली बराच काळ पडून राहिलेली असेल तर तिच्याकडून फार आशा ठेवू नका.

नवी बॅटरी बसवणं अवघड नाही, आणि हा या जातीचा खरा गुण आहे. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर म्हणजे घरगुती यूपीएसमध्ये असते तीच, १५१ बाय ६५ बाय ९४ मिलिमीटर, कोणत्याही कॉम्प्युटरच्या दुकानात हजार-बाराशेला मिळते. मागची पाटी स्क्रू काढून उघडायची, आधी काळी वायर सोडायची मग लाल, बसवताना आधी लाल मग काळी. उलट जोडली तर बोर्ड जळतो आणि मग मात्र काही खरं नाही. बॅटरीच्या पाती दोन रुंदीच्या येतात, ४.८ आणि ६.३ मिलिमीटर. जुनी बॅटरी सोबत नेली तर ही चूक होत नाही. महागड्या, सीलबंद पार्टी स्पीकरमध्ये आवाज स्वच्छ असतो, पण आतली बॅटरी गेली की तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावा लागतो. गावाकडच्या मंडळीसाठी हा फरक मोठा आहे.

लिथियम बॅटरीवाले मॉडेलही येतात. वजन कमी होतं, हे उचलणाऱ्याला लगेच कळतं. ती मात्र पूर्ण भरून ठेवायची नाही, निम्मी भरून ठेवायची, आणि तिला लेड-ॲसिडचा चार्जर कधीही लावायचा नाही.

चाकांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही: ती दुकानाच्या फरशीसाठी बनवलेली आहेत. पेव्हर ब्लॉकवर खडखडतात, वसईच्या वाडीतल्या कच्च्या वाटेवर रुततात, आणि ओढताना बसणारे हादरे आतल्या वायरी सैल करतात. दोघांनी उचलून न्या. सोसायटीतली सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोची असते. त्यात सहा मुलं, स्पीकर आणि उशा बांधलेला सांताक्लॉज कोंबू नका. स्पीकर एका मोठ्या माणसाबरोबर, बाकीचे जिन्याने.

पर्याय दोन आहेत. शिक्षक वर्गात वापरतात तो कमरेला बांधायचा छोटा स्पीकर, कानावरून तोंडाशी येणाऱ्या माइकसह, दीड ते अडीच हजारांत मिळतो. प्रार्थना चालवणाऱ्यासाठी हा आम्हाला ट्रॉलीपेक्षा जास्त आवडला. दोन्ही हात मोकळे राहतात, एक शास्त्राला, एक आजींच्या हाताला. गाणं त्यातून लावू नका, पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखं येतं. दुसरा भोंगा, म्हणजे मेगाफोन. तो रस्ता ओलांडताना सूचना द्यायला ठीक, पण त्यावर सायरनचं बटण असतं आणि ते बटण न दाबणारा बारा वर्षांचा मुलगा अजून जन्माला यायचा आहे.

कायद्याचं थोडक्यात, कारण तक्रार आली तर ती तरुण संघाच्या सेक्रेटरीवर येते. ध्वनी प्रदूषण नियम २००० सालचे आहेत. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. वर आठ मीटरवरचे ८२ डेसिबल लिहिले आहेत ते आठवा: पूर्ण उघडलेला ट्रॉली स्पीकर या आकड्यांच्या जवळपासही बसत नाही. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी रात्री बारापर्यंत सूट मिळते, ते दिवस जिल्हा प्रशासन जाहीर करतं. त्या यादीत नसलेल्या दिवशी ‘नाताळ आहे’ हे उत्तर चालत नाही. परवानगीचा अर्ज नोव्हेंबरच्या शेवटी, तारखा, विभाग आणि वेळ लिहून, पाळकांच्या सहीने पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. सोसायटीत शिरायचं असेल तर सेक्रेटरींना दोन दिवस आधी भेटा. इतर धर्मांचे शेजारीही दारं उघडून बघतात, मुलांना खाली पाठवतात, चॉकलेटं घेतात. दहा वाजून पाच मिनिटांनी वाजणारं एक गाणं ही सगळी कमाई घालवतं.

वेळेचा हिशोब: सात ते दहा म्हणजे १८० मिनिटं. एका घराला बारा मिनिटं, चालण्याची तीन. बारा घरं होतात, साठ घरांना पाच संध्याकाळी. बारा मिनिटांत दोन गाणी (प्रत्येकी दोन कडवी, धृपद दोनदा), एक मिनिटाचं शास्त्रवाचन, दोन मिनिटांची प्रार्थना, बाकी बोलणं. ते बोलणं कापू नका, गाणं कापा. आजारी माणसांची घरं सातला, पहिली. जेवण, औषध, झोप हे सगळं आठनंतर सुरू होतं, आणि मुलंही सातला ताजी असतात. ज्या घरात वर्षभरात मयत झालेली आहे तिथे आधी फोन करून विचारा. कित्येक घरांना गाणं नको असतं, प्रार्थना हवी असते. अशा घरी स्पीकर आणि सांताक्लॉज गल्लीच्या तोंडाशीच थांबतात, चार-पाच जणच आत जातात. करंज्या, चकली, केक प्रत्येक घरी खात बसलात तर सहाव्या घरी दहा वाजतात. घरवाल्यांना आधीच सांगून ठेवा: आमच्यासाठी बांधून द्या, खायला शेवटच्या घरी बसू.

गाण्यांची पानं A4 मधोमध दुमडून, आठ गाणी, पण घरातल्यांसाठी दहा प्रती १८ पॉइंटमध्ये वेगळ्या छापा. ऐनवेळी चष्मा सापडत नाही.

दानपेटीची किल्ली गटातल्या कोणाकडेही नको. त्याच रात्री दोघांनी मोजायचं, वहीत सह्या, दुसऱ्या दिवशी खजिनदाराकडे. आणि इथे स्पीकरच्या किमतीकडे परत यावं लागतं. १२ इंची आणि ८ इंचीमध्ये तीन-चार हजारांचा फरक आहे. तेवढ्यात विभागातल्या एखाद्या आजोबांचा वॉकर आणि दोन-तीन महिन्यांचे डायपर येतात, किंवा औषधांच्या दुकानातली थकलेली उधारी भागते. रोख हातात देण्यापेक्षा उधारी परस्पर भागवलेली बरी, आणि नाव मंडळीपुढे वाचून दाखवायचं नाही. राउंडमध्ये गेलेल्या मुलांनाच हे घर-घर माहीत होतं: कुठल्या खाटेजवळ औषधांची रिकामी पाकिटं साठलीत, कुठे बल्ब गेलाय, कुठे दाराची कडी लागत नाही. म्हणून प्रत्येक गटात एकाकडे छोटी वही द्या. ती वही जानेवारीच्या पहिल्या बैठकीत उघडायची, फेब्रुवारीत नाही.

थोडक्यात घ्यायचं तर हे घ्या: ८ इंची, यूएचएफ माइक, मागची पाटी स्क्रूने उघडणारी, लेड-ॲसिड बॅटरी, गिटारची वेगळी खाच, दिवे बंद करण्याचं स्वतंत्र बटण. सोबत कमरेचा एक छोटा स्पीकर. दुकानात परीक्षा घेताना आवाज वाढवून बघू नका. बटण पावाच्याही खाली आणा, माइकवर हळू आवाजात दोन ओळी वाचा आणि पाच फुटांवर उभ्या असलेल्या मित्राला त्या परत म्हणायला सांगा. त्या आवाजाला खरखर शब्दांपेक्षा मोठी असेल तर पुढचं मॉडेल बघा. बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या, वॉरंटी बहुधा बॅटरीला कमी महिन्यांची असते, ती वेगळी विचारा.

आणि १ जानेवारीला, उपासनेनंतर सगळे निघायच्या आत ही कामं एकाला नेमून द्या: स्पीकर पूर्ण चार्ज करायचा, चार्ज झाला की बॅटरीची एक वायर काढून तिच्या टोकाला टेप, माइकमधले सेल बाहेर (ते पाझरले की आतल्या स्प्रिंगा गंजतात), अडॅप्टर, माइक आणि ऑक्स केबल एकाच पिशवीत, पिशवी दांडीला बांधलेली. कपाटाच्या दारावर आतून चार्जच्या महिन्यांचा एक कागद चिकटवा: मार्च, मे, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर. मार्च-एप्रिलच्या सुमाराला ईस्टर येतो, मेमध्ये व्हीबीएस (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा), तेव्हा स्पीकर आपोआप बाहेर निघतो. जुलै आणि सप्टेंबर विसरले जातात, त्या दोन महिन्यांपुढे चार्ज करणाऱ्याचं नाव आत्ताच लिहून ठेवा.